सोमवारचा कोरा नमुना

पेंग्विनच्या चरबीत डीडीटी सापडलं असं सांगितलं की लोक हळहळतात. "अरेरे, तिथेसुद्धा?" असं म्हणतात, आणि ते "सुद्धा" ऐकलं की माझं डोकं फिरतं. इथे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं तर! मग इथल्यासाठी कधी अरेरे म्हणालात? पण चारचौघांत असं बोलता येत नाही. मी हसते, चहाचा कप उचलते आणि पेंग्विनचं पुढचं सांगते. लोकांना तेच ऐकायचं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी काम करत होते. आपली जहाजं तेव्हा नुकतीच दक्षिण ध्रुवाकडे जायला लागली होती. येताना ती बर्फ आणायची, शेवाळ आणायची, आणि किनाऱ्यावर मरून पडलेल्या पक्ष्यांच्या चरबीचे तुकडे आणायची. जिथे शेत नाही, डास नाही, फवारणारा माणूस नाही, तिथे कीटकनाशकं पोचली आहेत का आणि पोचली असली तर किती, हे शोधायचं माझं काम. ध्रुव मी कधी पाहिला नाही. जहाजावर जाणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांनी आणलेलं घासत बसणारी वेगळी. माझ्या वाट्याला आला तो एक शीतपेटीचा खण आणि त्यातल्या झाकणबंद बरण्या. पण त्या बरण्यांचा मला केवढा अभिमान होता! आमच्या गावातल्या मुली सातवीनंतर भातलावणीला जात, आणि मी ध्रुवावरचा बर्फ वितळवत होते.

गाव कर्जत आणि खालापूरच्या मधलं. दारात उभं राहिलं की एका बाजूला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला बोरघाट. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, आई घर आणि शेत बघायची. मी मुंबईत वसतिगृहात राहायचे. शनिवारी दुपारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे.

आता आईच्या पावडरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो हिवतापाने गेला. त्या काळी आमच्या भागात पावसाळा सरला की घराघरांत माणसं थंडीने कुडकुडत पडलेली असायची, आणि एक-दोन पोरं जायची हे गावाने धरूनच ठेवलेलं असे. भाऊ गेला आणि पुढच्याच हंगामात फवारणीवाल्यांची सरकारी गाडी गावात आली. पाठीवर पंप लावलेल्या माणसांनी घरोघर भिंतींवर डीडीटीचं पांढरं पाणी मारलं. ताप थांबला. मग मी झाले. आईच्या लेखी या दोन गोष्टी एकाच दोऱ्यात ओवलेल्या होत्या आणि तो दोरा तोडायची कुणाची छाती नव्हती.

गावातल्या बाकी बायका त्या फवारणीला वैतागायच्या. भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात, वास येतो, सण तोंडावर आलेला असतो. त्यामुळे गाडी गावाबाहेर गेली की बायका शेणाचा गोळा घेऊन भिंती सारवायला लागायच्या. औषध शेणाखाली गडप. पुढच्या खेपेला फवारणीवाले डोक्याला हात लावायचे, बायकांना ओरडायचे, बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकटी माझी आई सारवायची नाही. दिवाळीतसुद्धा आमच्या घराच्या भिंतींवर ते पांढरे ओघळ तसेच असायचे. सारवलेल्या घरांच्या ओळीत आमचंच एक कोडाचे डाग पडल्यासारखं. पाहुणे नाकं मुरडायचे. आईला त्याचं काही नव्हतं.

फवारणीवाल्यांना अशी बाई आणखी कुठे भेटणार? ते खूश होऊन तिला उरलीसुरली पावडर डब्यात काढून द्यायचे. पुढे कर्जतच्या दुकानात भातावर मारायची पावडर मिळायला लागली तेव्हा ती तीही आणायची. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द, औषध. भाताच्या कणगीत चिमूटभर औषध, गोधडीच्या घड्यांत औषध, कोंबड्यांच्या खुराड्यात औषध, ट्रंकेतल्या कपड्यांत औषध. उवा झाल्या तेव्हा माझ्या केसांतही औषध चोळून वर फडकं बांधलं होतं तिने. त्या फडक्याचा वास मला आजही आठवतो आणि खरं सांगायचं तर तो मला वाईट वाटत नाही. आईचा वास तोच होता.

प्रयोगशाळेत दर नमुन्याबरोबर एक कोरा नमुना काढायचा असतो. म्हणजे चरबी नाही, बर्फ नाही, काहीच नाही, पण बाकी सगळं तसंच करायचं. त्याच बाटल्या, तीच द्रावणं, तेच हात. मग तो यंत्रात सोडायचा. यंत्राची लेखणी कागदाच्या गुंडाळीवर रेघ काढत जायची. विष असलं की लेखणी वर उसळून सुळका काढायची, नसलं की सपाट रेघ. कोऱ्या नमुन्याची रेघ सपाट आली तरच त्या दिवशीचं काम खरं. नाहीतर पक्ष्यातलं विष पक्ष्याचं की बाटलीचं, हे कळणार कसं?

माझी रेघ सपाट येईना. रोज नाही, अधूनमधून. मी बाटल्या भट्टीत तापवल्या, पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, कापूस बदलला, द्रावणाच्या कंपनीला शिव्या घातल्या. ध्रुवावरून आलेल्या बरण्या शीतपेटीत पडून होत्या आणि मी रिकाम्या बाटल्यांशी झगडत होते. माझ्या मागून आलेली मुलं पुढे गेली. सगळं वर्ष असंच सरत आलं.

आमचे मार्गदर्शक, म्हणजे सर, मोठे हुशार. परदेशात राहून आलेले, बोलायला मऊ. त्यांनी एक दिवस माझ्या कागदाच्या गुंडाळ्या टेबलावर पसरल्या आणि बोट ठेवत गेले. सुळका दिसेल तो वार सोमवार. मंगळवारी थोडा लहान. शुक्रवारपर्यंत सपाट. त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी कोरा नमुना दुसऱ्या मुलाकडून करवून घेतला. रेघ अगदी सपाट.

"तू शनिवार-रविवार कुठे असतेस?" त्यांनी विचारलं.

"घरी," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला सगळं कळलं. माझी साडी, माझी शाल, माझी वेणी. गोधडीत झोपून उठलेलं माझं अंग.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नाक किंचित आत ओढलं, कुणी चपला घालून देवघरात आल्यावर ओढतात तसं. म्हणाले, "हे नमुने पुन्हा मिळणार नाहीत. तुला घरी जायचं असेल तर मी ते दुसऱ्या कुणाला देतो. विचार करून सांग."

विचार काय करायचा? मी घरी जाणं बंद केलं. पण दसरा आला, मग आईचा निरोप आला, आणि शेवटी मी न राहवून गेले. जाताना ठरवून गेले की आज डबे बाहेर फेकायचे.

"आई, ही सगळी पावडर टाकून दे," मी दारातच म्हटलं.

"का गं? काय झालं?"

"विष आहे ते. माझ्या अंगाला लागून मुंबईपर्यंत येतंय. माझं काम नासतंय."

आई ओटीवर बसली. "तुज्या आदी एक घालवलाय मी," ती म्हणाली. "तवा ही गाडी आली नवती गावात. पोटाशी धरून बसले व्हते, तरी गेला. मंग गाडी आली, नि तू झालीस नि जगलीस. आता तू शिकून आलीस नि म्हन्तेस टाक. बरं, टाकते. उंद्या ताप आला तं तुज्या बर्फानं उतरल काय?"

तिचं खरं होतं. हिवताप गेला तो त्या पांढऱ्या पाण्यानेच गेला होता आणि आता तो परत यायला लागल्याचं आम्ही आजूबाजूला ऐकत होतो. मी नुसतीच चिडले. "तुला माझ्या शिक्षणाचं काही नाही," असं काहीतरी बोलले. आई उठली आणि तिने तिच्या पद्धतीने तोड काढली.

बाहेरच्या पडवीत, जिथे बायका त्या चार दिवसांत बसायच्या, तिथे तिने नवी कोरी चटई टाकली. नवी चादर दिली. माझं ताट, पेला, तांब्या वेगळा काढला. भात कणगीतला नाही, माझ्यासाठी वाण्याकडून वेगळा तांदूळ आणलेला. "इथंच बस. माजघरात येऊ नको. कशाला शिवू नको. मी बी तुला शिवत नाय," ती म्हणाली. वाढतानासुद्धा ती भाकरी वरून टाकायची. मला रडू की हसू ते कळेना. गावात चाळीस पिढ्या बायका विटाळाच्या म्हणून बाहेर बसल्या, आणि मी घर विटाळाचं म्हणून बाहेर बसले होते! तेही एका मेलेल्या पक्ष्यासाठी.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जायला लागले, पण जाईन तेव्हा पडवीतच. सोमवारी माझी रेघ सपाट यायला लागली. सर म्हणाले, "पाहिलंस? शिस्तीचा प्रश्न होता."

गावाने आपला हिशेब केला. शेजारच्या काकू येता-जाता विचारायच्या, "काय गं, पुन्यांदा भायेर?" ही आली की बाहेरच बसलेली, म्हणजे हिला काहीतरी दुखणं आहे, हे दोन-तीन खेपांतच वेशीपर्यंत पोचलं. खालापूरकडचं एक स्थळ बघायला येणार होतं, त्यांना अचानक शेतीची कामं निघाली. मला त्या स्थळाचं सोयरसुतक नव्हतं. आईला होतं. ती विहिरीवर जायची आणि बायका तिच्याशी हळू आवाजात सहानुभूतीने बोलायच्या. ती कुणाला काही समजावायला गेली नाही. काय समजावणार होती? माझी पोरगी लांबच्या पक्ष्यासाठी सोवळं पाळते म्हणून?

पक्ष्याचं काम मात्र झकास चाललं. चरबीत डीडीटी होतं. अगदी थोडं, पण होतं. लेखणी हळूच वर जायची, छोटा रेखीव सुळका काढायची आणि खाली यायची. सरांनी तो कागद दिव्यासमोर धरून पाहिला. "सुंदर," म्हणाले.

त्याच वर्षी आईच्या खांद्यामागे गाठ आली. बरेच महिने असावी, तिने सांगितली नव्हती. मी वडिलांना घेऊन तिला खोपोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साधी चरबीची गाठ आहे, भ्यायचं कारण नाही, काढून टाकू. त्या गाठीचा आणि पावडरीचा काही संबंध होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. चरबीच्या गाठी कुणालाही होतात. पण चरबी हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात जे आलं ते आलं. पक्ष्याची चरबी मी वर्षभर तपासत होते. इथे माझ्या आईची होती, आणि ती डॉक्टरांच्या बादलीत जाणार होती.

सरांना मी आधी रीतसर विचारलं. म्हटलं, तुलना होईल, ज्या घरात औषध सर्रास वापरतात तिथलं माणूस आणि जिथे कधीच वापरलं नाही तिथला पक्षी. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझी भावना मी समजू शकतो. पण हा आपला विषय नाही." त्यांच्याकडे सगळ्या भावना समजून घ्यायची एक ठरलेली पद्धत होती. चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा.

मी भट्टीत तापवलेली बरणी आणि बर्फाचा थर्मास घेऊन खोपोलीला गेले. गाठ लहान लिंबाएवढी, पिवळसर. आई टेबलावर पालथी पडली होती, खांद्याला पट्टी. मी बरणीचं झाकण लावताना तिने मान वळवून पाहिलं.

"काय गं, लोनचं घालतेस काय तिचं?"

"तपासायला नेतेय. तुझ्यात किती आहे ते बघते."

"बग बग," ती म्हणाली. "बगितलंस की मलाबी सांग."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. विषयाबाहेरच्या नमुन्यासाठी यंत्राला हात लावायची परवानगी मला नव्हती आणि मी ती घेतलीही नाही. त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप नव्हता, आताही नाही. पक्ष्याच्या चरबीला जे केलं तेच मी आईच्या चरबीला केलं. तितकंच वजन, तीच द्रावणं. कोरा नमुना आधी सोडला, रेघ सपाट. मग आईचा सोडला.

लेखणी वर गेली आणि थांबेना. कागदाच्या कडेला जाऊन धडकली आणि तिथेच खडखडत राहिली. मी वाट पाहत उभी राहिले. ती खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा कडेला जाऊन अडली. पक्ष्याच्या सुळक्यासाठी मी जी मोजपट्टी वापरायची ती हातात तशीच होती. मोजायला कागदच पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी पक्ष्याचा नमुना सोडला आणि त्यात आई आली. म्हणजे यंत्राच्या काचेच्या नळीत तिच्यातलं काहीबाही चिकटून राहिलं होतं, ते पुढच्या प्रत्येक नमुन्यात उतरायला लागलं. सरांना कळायला फार वेळ लागला नाही. मी आदल्या दिवशीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटलं होतं, तो पाहून तरी त्यांचा आवाज बदलेल.

आवाज बदलला. "कॉलम घाण केलास," ते म्हणाले. "काही कल्पना आहे का, ही नळी कुठून मागवावी लागते?"

"सर, ही माझी आई आहे."

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण पक्ष्याचे नमुने खोळंबले त्याचं काय?"

मग नळी तापवायला ठेवली. रोज सकाळी एक कोरा नमुना सोडायचा, सुळका किती उतरला ते बघायचं आणि पुन्हा तापवायचं. ते काम सरांनी मलाच दिलं, शिक्षा म्हणून नव्हे, तसे ते नव्हते. बाकीची मुलं जाता-येता विचारायची, "गेलं का गं?" मी सांगायचे, "थोडं आहे अजून." अशी मी रोज माझ्या आईला थोडी थोडी यंत्रातून बाहेर काढत होते. एका सकाळी रेघ सपाट आली. सर खूश झाले, सगळ्यांना चहा सांगितला. दुपारी पक्ष्याचा सुळका पुन्हा पहिल्यासारखा रेखीव आला.

आईचा कागद प्रबंधात गेला नाही. "प्रदूषित नमुना, विचारात घेतला नाही," असंसुद्धा कुठे लिहिलं नाही, कारण तो नमुना कधी झालाच नव्हता. पक्ष्याचं बाहेरच्या एका नियतकालिकात छापून आलं. सरांचं नाव आधी, माझं नंतर. मला डॉक्टरेट मिळाली. गावात वडिलांनी पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी एक पेढा खाल्ला आणि विचारलं, "आता तं भायेर बसत नाय ना?"

नमुने संपले होते, त्यामुळे आता मला घरात शिरायला बंदी नव्हती. मी माजघरात आईच्या शेजारी बसले. ती भिजवलेले वाल सोलत होती. खांद्याची जखम भरून आली होती.

"मंग काय निगालं त्या गाठीत?" तिने विचारलं. "सांगते म्हनाली व्हतीस."

मी वर्षभर सगळ्यांशी जेवढ्यास तेवढं बोलले होते. हिला तरी खरं सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. हिचाच तेवढा हक्क होता. म्हणून मी काही राखलं नाही. पक्ष्यात किती होतं ते सांगितलं, तिच्यात लेखणीला लिहिता येईना इतकं होतं तेही सांगितलं. कशाने ते सांगितलं. भिंतीने, गोधडीने, कणगीने. सारवणाऱ्या बायकांच्यातही असणार, कारण भातावर तर सगळेच मारतात.

ती ऐकत होती. "त्यानं व्हतंय काय मान्साला?"

"नक्की माहीत नाही. इथल्या माणसांवर कुणी पाहिलेलंच नाही."

"तुजे सर बगतील का आता?"

"नाही."

"बरं. काडायचं कसं ते अंगातनं?"

"निघत नाही आई. चरबीत एकदा बसलं की राहतं."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मंग मला सांगितलंस कशाला गं?"

रागावून विचारलं असतं तर मी भांडले असते. तिला खरंच उत्तर हवं होतं.